पाते उजळावे, ठिपके नकोत

प्लास्टिकची नळी, एलईडी दिव्यांची पट्टी, बॅटरी आणि एक बटण. एवढ्या सामानात ‘स्टार वॉर्स’मधल्यासारखी उजळणारी तलवार घरी बनवता येते. पण बटण दाबले की बहुतेक वेळा पहिली निराशा पदरी पडते. सलग उजळलेल्या पात्याऐवजी नळीत एका ओळीत बसवलेले ठिपके दिसतात. प्रकाश भरपूर असतो, पण तो पसरलेला नसतो. हा दोष केवळ दिसण्यापुरता नाही. त्याचा संबंध मुलांच्या डोळ्यांशी, नळीत कोंडणाऱ्या उष्णतेशी आणि बॅटरीशीही येतो.

१९७७ च्या पहिल्या चित्रपटालाही हा प्रश्न वळसा घालूनच सोडवावा लागला होता. तेव्हा पात्यांवर रस्त्यावरच्या दिशादर्शक फलकांसारखे, पडलेला प्रकाश आल्या दिशेने परत पाठवणारे आवरण लावले होते. सलग तेज नंतर चित्रफितीवर रंगवून आणले गेले. २०१५ च्या ‘द फोर्स अवेकन्स’मध्ये खरोखर उजळणारी पाती वापरली गेली आणि त्यांचा उजेड कलाकारांच्या चेहऱ्यावरही पडला. मधल्या काळात एलईडी लहान, स्वस्त आणि तेजस्वी झाले होते.

एलईडीमध्ये प्रकाश देणारा भाग जेमतेम मोहरीएवढा असतो. तिथून निघालेला प्रकाश शेजारच्या दिव्याच्या प्रकाशात मिसळायचा, तर वाटेत त्याची दिशा अनेकदा बदलायला हवी. बटर पेपर, पांढरा फोम किंवा घासून खरखरीत केलेले प्लास्टिक हेच काम करते. त्यातल्या सूक्ष्म तंतूंवर, बुडबुड्यांवर किंवा ओरखड्यांवर आदळून किरण सर्व दिशांना विखुरतात. यालाच प्रकाशाचे विकिरण म्हणतात.

मात्र फक्त विखुरणारा पदार्थ असून भागत नाही, त्याला अंतरही लागते. बटर पेपर वर्तमानपत्राला चिकटवून ठेवला तर खालची अक्षरे वाचता येतात. तोच कागद दोन-तीन सेंटिमीटर वर उचलला की अक्षरे विरघळून जातात. कागद तोच, प्रकाशही तोच. फरक इतकाच, की वर उचलल्यावर शेजारच्या अक्षरांचे किरण एकमेकांत मिसळायला जागा मिळते. दिवाळीच्या आकाशकंदिलातही बल्ब मधोमध आणि पतंगी कागद त्यापासून दूर असतो, म्हणून संपूर्ण कंदील उजळतो. कागद थेट बल्बला गुंडाळला तर फक्त बल्बच दिसेल, शिवाय कागद पेटण्याचा धोका वेगळाच.

तलवारीचे गणितही इथेच आहे. दोन दिव्यांमधले अंतर जेवढे, निदान तेवढे अंतर दिवा आणि विखुरणारा थर यांच्यात असावे, हा ढोबळ नियम. बाजारात मीटरला ३०, ६० आणि १४४ दिव्यांच्या पट्ट्या मिळतात. त्यांत दिवे अनुक्रमे सुमारे ३३, १७ आणि ७ मिलिमीटर अंतरावर असतात. एक इंची नळीत पट्टी मधोमध बसवली, तर दिव्यापासून नळीच्या भिंतीपर्यंत जेमतेम ८ ते १० मिलिमीटर जागा उरते. म्हणजे ३० किंवा ६० दिव्यांच्या पट्टीचे ठिपके कितीही कागद गुंडाळला तरी पुरते जात नाहीत. १४४ दिव्यांची पट्टी पाठीला पाठ लावून दुहेरी बसवली आणि फोमचा पातळ थर नळीच्या आतल्या भिंतीला लावला, तर पाते सर्व बाजूंनी सलग दिसू लागते.

दुसरी पद्धत स्वस्त आहे. एकच प्रखर एलईडी मुठीत बसवायचा आणि प्रकाश नळीत सोडायचा. इथे ठिपके नसतात, पण मुठीजवळ लख्ख उजेड आणि टोकाला अंधार अशी गत होते. विखुरणारा थर जाड केला तर प्रकाश सुरुवातीलाच बाहेर पडतो आणि टोक आणखी अंधारते. उपाय दोन. टोकाच्या आत आरशासारखा चकचकीत तुकडा बसवला की तिथे पोहोचलेला प्रकाश मागे फिरतो. आणि नळी आतून पॉलिश पेपरने घासताना मुठीजवळ विरळ, टोकाकडे दाट ओरखडे काढायचे. मोबाइल आणि टीव्हीच्या एलसीडी पडद्यामागच्या पातळ पाटीत नेमकी हीच युक्ती असते. कडेच्या दिव्यापासून दूर जाताना तिच्यावरचे ठिपके दाट किंवा मोठे होत जातात, म्हणून पडदा सर्वत्र सारखा उजळतो. डोळाही थोडी सवलत देतो. हळूहळू कमी होणारा उजेड त्याला फारसा जाणवत नाही, जवळजवळचे ठिपके मात्र लगेच खुपतात.

प्रत्येक थर थोडा प्रकाश गिळतो. मग तो भरून काढण्यासाठी तेज वाढवण्याचा मोह होतो आणि खेळण्याचे संकट तिथून सुरू होते. रंग बदलणाऱ्या पट्टीतला एक दिवा पूर्ण पांढऱ्या तेजात सुमारे ६० मिलीअँपिअर प्रवाह घेऊ शकतो. ८० सेंटिमीटरच्या पात्यात असे ११५ दिवे असतील तर प्रवाह ७ अँपिअरच्या घरात जातो, दुहेरी पट्टीत त्याच्या दुप्पट. बंद नळीत उष्णता कोंडते. संरक्षक सर्किट नसलेला लिथियम सेल इतक्या ओढीने तापून पेटूही शकतो. एकच रंग आणि कमी तेज ठेवले तर प्रवाह कितीतरी घटतो, आणि अंधाऱ्या खोलीत तेवढा उजेड पुरतो.

डोळ्यांच्या दृष्टीनेही पसरलेला प्रकाशच बरा. डोळ्याचे भिंग दिव्याची प्रतिमा दृष्टिपटलावर उमटवते. दिवा ठिपक्याएवढा असेल तर सगळे तेज दृष्टिपटलाच्या इवल्याशा भागावर एकवटते. डोळे दिपतात आणि मिटल्यावरही डाग दिसत राहतो. तोच प्रकाश संपूर्ण पात्यावर पसरला की प्रतिमा मोठी होते आणि प्रत्येक भागावरचा भार घटतो. लहान मुलांच्या डोळ्यांचे भिंग अधिक नितळ असल्याने निळा प्रकाश मोठ्यांच्या तुलनेत जास्त आत जातो. म्हणून उघडी पट्टी किंवा मुठीतला प्रखर एलईडी त्यांनी जवळून न्याहाळू नये. एलईडीच्या जागी लेझर तर कधीच वापरू नये.

नळी पॉलिकार्बोनेटची घ्यावी. ती आपटल्यावर वाकते, तर ॲक्रिलिक फुटून धारदार तुकडे होतात. जुनी ट्यूबलाइट पाते म्हणून वापरणे सर्वांत घातक, कारण त्यात काचेबरोबर पाराही असतो. घासताना नळी ओली ठेवावी, म्हणजे प्लास्टिकची धूळ नाकात जात नाही. छोट्या तलवारीत चपटा बटण सेल असेल तर त्याचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे. असा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. तशी शंका आली तरी त्रास सुरू होण्याची वाट न पाहता, उलटी करवण्याचा प्रयत्न न करता मुलाला थेट रुग्णालयात न्यावे.

तलवार बनवायला घेण्याआधी घरच्या घरी एक चाचणी करता येते. पट्टी मंद तेजावर लावायची, तिच्यावर बटर पेपर धरायचा आणि ठिपके नाहीसे होईपर्यंत हळूहळू वर न्यायचा. ते अंतर पट्टीने मोजले, की त्या दिव्यांसाठी किती जाड नळी हवी याचे उत्तर मिळते.