वाचनदोष आणि मुद्रादोष : घरगुती संगणकावरील ई-मेलची परीक्षा

अंजनगाव सुर्जीचे नाव मराठ्यांच्या इतिहासात आले ते एका कागदामुळे. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यातील तह येथे झाला. जुन्या कागदाची परीक्षा दोन अंगांनी करावी लागते : अक्षर लागते की नाही, आणि मुद्रा खरी आहे की नाही. ज्यास अक्षर लागत नाही तो अस्सल कागद टाकून देतो. जो मुद्रा पाहत नाही तो बनावट कागदावर विश्वास ठेवतो. आज त्याच गावातील घरगुती संगणकावर येणाऱ्या ई-मेलच्या बाबतीतही हेच दोन दोष संभवतात. त्यांस अनुक्रमे वाचनदोष व मुद्रादोष म्हणता येईल.

प्रथम वाचनदोषाचा विचार करू. संगणक अक्षरे साठवीत नाही, अंक साठवितो. कोणत्या अंकाने कोणते अक्षर समजावयाचे हा केवळ संकेत होय. १९९१ मध्ये भारतात ‘इस्की’ हा संकेत प्रमाण ठरला व त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. तथापि मराठीचे अनेक फाँट पुढेही वर्षानुवर्षे आपापला खासगी संकेत पाळीत राहिले. रोमन अक्षरांच्या जागी त्यांनी देवनागरी आकृत्या बसविल्या. म्हणून मजकूर बिघडलेला दिसल्यास बिघाडाचे स्थान त्याच्या रूपावरूनच ओळखावे. रोमन अक्षरांची व विरामचिन्हांची नुसती अर्थहीन गर्दी असेल, तर मजकूर बहुधा जुन्या फाँटमधील आहे. तो फाँट बसवावा किंवा रूपांतरक वापरावा. डोक्यावर तिरपी रेघ असलेले रोमन ‘ए’ पुनःपुन्हा येत असेल व अधूनमधून येन या जपानी नाण्याचे चिन्ह दिसत असेल, तर मजकूर युनिकोडमधलाच असून तो भलत्या संकेताने वाचला जात आहे. ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडावा. रिकामे चौकोन दिसल्यास फाँटमध्ये देवनागरी आकृत्या नाहीत असे समजावे. केवळ प्रश्नचिन्हेच उरली असतील, तर मूळ अंक वाटेतच नष्ट झाले आहेत. अशा वेळी संगणकाशी झटापट न करता पत्र पुन्हा मागवावे.

याहून सूक्ष्म असा एक प्रकार ‘वऱ्हाड’ या शब्दातच दिसतो. त्यातील अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णास हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यास दोन्ही रूपे एकच. संगणकास मात्र ते दोन भिन्न शब्द वाटू शकतात. पेटीत शोधूनही ‘वऱ्हाड’ असलेले पत्र सापडत नाही, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

आता मुद्रादोष. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील एका संगणक कंपनीची जाहिरात सुमारे चारशे जणांस एकदम धाडण्यात आली. अवांछित ई-मेलचा प्रारंभ येथून मानतात. तिच्या निवारणासाठी २००२ च्या सुमारास शब्दांच्या संभाव्यतेवर आधारलेली गाळणी लोकप्रिय झाली. नको असलेल्या पत्रांत जो शब्द वारंवार येतो त्यास संशयाचा भार अधिक, इष्ट पत्रांतील शब्दास कमी; साऱ्यांचा मेळ घालून निर्णय होतो. अशी गाळणी पूर्वी पाहिलेल्या पत्रांवरच शिकते. मराठी मजकूर तिच्या पाहण्यात थोडा आला असेल, किंवा एकच शब्द दोन रूपांत विभागला गेला असेल, तर अस्सल पत्रही अवांछितांच्या पेटीत पडण्याचा संभव वाढतो. म्हणून ती पेटी आठवड्यातून एकदा तरी पाहावी व चुकून पडलेल्या पत्रावर ‘अवांछित नाही’ अशी खूण करावी. त्या खुणेने गाळणी सुधारते.

पत्रावर दिसणारे प्रेषकाचे नाव ही मुद्रा नव्हे. ते कोणासही हवे तसे लिहिता येते. खरी ओळख पूर्ण पत्त्यात असते. दुव्याच्या पत्त्यात पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपूर्वीचा भाग घ्यावा व तो उजवीकडून वाचावा, कारण टपालाच्या पत्त्यात गाव व तालुका शेवटी यावेत त्याप्रमाणे खरा मालक तेथे शेवटी असतो. बँकेचे नाव आरंभी असून शेवटी अनोळखी नाव असेल, तर ते पत्र बँकेचे नव्हे. आजच्या ई-मेल सेवा पाठविणाऱ्या यंत्रणेची व अंकीय स्वाक्षरीची तपासणी करतात. परंतु तिच्यामुळे पत्र कोणत्या नावाच्या यंत्रणेकडून आले एवढेच ठरते, पाठविणारा प्रामाणिक आहे हे ठरत नाही.

अनोळखी पत्रातील ‘नाव वगळा’ हा दुवाही दाबू नये. त्याने आपला पत्ता जिवंत असल्याची खात्री प्रेषकास मिळते. पैसे गेलेच, तर बँकेस व १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकास तत्काळ कळवावे. विलंब होईल तितकी रक्कम थांबविण्याची शक्यता कमी होते.