बटाट्याची काढणी : कुदळीपासून यंत्रापर्यंत

पोर्तुगीजांबरोबर भारतात आलेला बटाटा आज महाराष्ट्रातील अनेक शेतकरी कुटुंबांचे नगदी पीक आहे. पुणे जिल्ह्यातील सातगाव पठार तर या पिकासाठीच प्रसिद्ध आहे. मात्र पीक जमिनीखाली असल्याने हंगामभराच्या श्रमांची खरी कसोटी काढणीच्या वेळी लागते. कुदळीचा एक चुकीचा घाव बटाटा कापतो आणि कापलेला बटाटा ढिगात सडून शेजारच्या चांगल्या मालालाही बाधा आणतो.

प्रारंभी कुदळ व टिकाव हीच काढणीची साधने होती. पुढे बैलनांगराने वरंबे फोडावयाचे आणि घरातील स्त्रिया व मुलांनी मागोमाग वेचणी करावयाची, अशी पद्धत रूढ झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९०३ साली बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला. लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशा समजुतीमुळे त्याला आरंभी विरोध झाला. पण पुढे तो सर्वत्र रुजला. हा नांगर खोल जातो, परंतु माती पलटत असल्याने काही बटाटे पुन्हा गाडले जातात व दुसऱ्यांदा वेचणी करावी लागते.

ही उणीव बैलचलित काढणी अवजाराने बरीचशी दूर केली. त्यात माती पलटणाऱ्या पंखाऐवजी फाळामागे लोखंडी सळया बसविलेल्या असतात. सळयांच्या फटींतून माती गळते व बटाटे वर राहतात. ट्रॅक्टरचलित यंत्राचे तत्त्वही हेच आहे. रुंद फाळ बटाट्यांखालून जातो, सळयांची फिरती साखळी माती चाळते आणि बटाटे मागे जमिनीवर पसरले जातात. वेचणी मात्र हातांनीच करावी लागते. म्हणजे यंत्र खोदाईचे कष्ट वाचविते, स्त्रियांचे वाकून वेचण्याचे श्रम मात्र कायम राहतात.

यंत्राचा लाभ पूर्वतयारीवर अवलंबून असतो. लागवडीच्या वेळीच सरी-वरंब्यांतील अंतर सारखे ठेवावे आणि बांधालगत यंत्र वळण्यास जागा सोडावी. साल घट्ट होण्यासाठी काढणीपूर्वी आठ ते दहा दिवस पाला कापावा. जमीन फार ओली वा फार कोरडी नसावी. काढलेला माल लगेच सावलीत न्यावा, कारण उन्हात तो हिरवा पडतो व खाण्यास अयोग्य ठरतो.

अल्पभूधारकास स्वतःचे यंत्र परवडणे कठीण असते. गावातील शेतकऱ्यांनी लागवडीच्या तारखा जुळवून एकच यंत्र पाळीने वापरल्यास खर्च विभागला जातो. अशा संघटनेसाठी पंचायत सदस्यांनी पुढाकार घ्यावा आणि राहुरी येथील, १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळवावे. अवजार कोणतेही असो, बटाटा अखंड घरी येणे हेच त्याच्या उपयुक्ततेचे खरे माप होय.