ठसा कुत्र्याचा की बिबट्याचा?

पहाटे उसाला दारं धरायला गेलेल्या माणसाला बांधावरच्या चिखलात पंजा दिसतो आणि नऊ वाजायच्या आत त्याचा फोटो पंचक्रोशीतल्या प्रत्येक मोबाइलवर पोहोचलेला असतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले, निफाड या पट्ट्यात याचं आता कुणाला नवल वाटत नाही. ऊस वर्षभर उभा, आत गारवा, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. बिबट्याला एवढं पुरतं. मादी पिल्लंही उसातच घालते. तेव्हा भीती खोटी नाही. पण फोटोतला तो पंजा पुष्कळदा वस्तीवरच्याच कुत्र्याचा निघतो, आणि एवढं ओळखणं शेतकऱ्याला स्वतःला जमण्यासारखं आहे.

सगळे फसतात ते आकाराला. बिबट्याचा ठसा साधारण 7 ते 9 सेंटीमीटर रुंद असतो. राखणीला ठेवलेल्या दांडग्या कुत्र्याचा ठसाही त्याच मापाच्या आसपास भरतो. शिवाय ओल्या चिखलात ठसा पसरतो, उन्हाने कडा ढासळतात आणि सकाळचा ठसा दुपारी दीडपट वाटतो. म्हणून माप नंतर. आधी घडण बघावी.

ठशाची लांबी रुंदीपेक्षा जास्त दिसली, तर मन कुत्र्याकडे झुकवावं. बिबट्याचा ठसा गोलसर असतो. कुत्र्याची मधली दोन बोटं पुढे एका रेषेत येतात. ठसा मधोमध दुमडला तर दोन्ही बाजू जवळपास जुळतात. मांजरकुळात तसं होत नाही. आपल्या हाताचं मधलं बोट जसं इतरांच्या पुढे जातं, तसंच त्यांचंही एक बोट पुढे असतं. त्यावरून पाय डावा की उजवा हेही कळतं: पुढे आलेलं बोट मधोमधपासून जरा डावीकडे असेल तर पाय उजवा.

मग बोटांमागची मोठी गादी बघावी. कुत्र्याची गादी बोटांच्या मानाने लहान आणि तिकोनी. बोटं आणि गादी यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून फुलीच्या दोन रेषा सरळ ओढता येतात. बिबट्याची गादी रुंद आणि भरीव असते, तिच्या मागच्या कडेला तीन गोलवे स्पष्ट दिसतात, आणि फुली ओढायला गेलं तर रेषा गादीलाच अडते. मला विचाराल तर ठशातली सगळ्यात भरवशाची खूण ही गादीच.

नखांचं लोक पहिल्यांदा सांगतात, मी मुद्दाम शेवटी सांगतो आहे. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, कुत्र्याला ती सोय नाही. म्हणून नखांच्या टोच्या दिसल्या तर कुत्रा, हा नियम बरोबरच आहे. पण कडक जमिनीवर कुत्र्याचीही नखं उमटत नाहीत, आणि निसरड्या चिखलात तोल सावरताना बिबट्याही नखं बाहेर काढतो. एकट्या नखांवर निकाल देऊ नये.

एका ठशावर तर नाहीच. दहा-बारा पावलं मागे-पुढे जाऊन माग बघावा. कुत्रा वास घेत, भरकटत जातो. बिबट्या सहसा बांध किंवा गाडीवाट धरून सरळ चालतो आणि त्याचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा अगदी लगत पडतो. लांडग्याचा ठसा कुत्र्यासारखाच असल्याने तिथे एकट्या ठशावरून जाणकारही बिचकतो. तरसाची गंमत निराळी. दिसायला कुत्रा, ठशात नखंही असतात, पण प्राणिशास्त्राच्या हिशेबात तो मांजरांच्या आणि मुंगसांच्या बाजूचा. त्याचे पुढचे पंजे मागच्यांपेक्षा ठळकपणे मोठे असतात. त्यावरून तो ओळखावा.

सीसीटीव्हीच्या धूसर चित्रात ठसे नसतात, तिथे शेपूट बघावी. बिबट्याची शेपूट लांब, जमिनीकडे झुकलेली आणि टोकाला वर वळलेली असते; अंग बुटकं, कान लहान गोल, तोंड आखूड. चमकणाऱ्या डोळ्यांवर जाऊ नये, ते कुत्र्याचेही चमकतात. उसात बाऊल म्हणजे रानमांजरही असतं. लांब पाय, टोकदार कान, आखूड शेपटीवर काळी वलयं आणि अंगावर ठिपके नाहीत. लोक त्यालाच बिबट्याचं पिल्लू समजतात; पिल्लाच्या अंगावर ठिपके असतातच.

शेळी मेली असेल तर जखमा बोलतात. बिबट्या बहुधा गळा धरतो आणि शिकार ओढत आडोशाला नेतो, ओढल्याचा माग राहतो. मोकाट कुत्री मांड्या, पाय, पोट अशी जागोजाग फाडतात. भरपाईसाठी पंचनामा लागतो, म्हणून मेलेलं जनावर हलवू नये.

एकेकाळी आपल्या देशात वाघांची मोजदादही ठशांवरून होत असे. सरिस्का व्याघ्र प्रकल्पातले वाघ नाहीसे झाल्याचं 2005 मध्ये उघड झालं, ती पद्धत मागे पडली आणि कॅमेरा ट्रॅप आले. ठशावरून जात सांगता येते. कालचंच ते जनावर आज पुन्हा आलं, हे खात्रीने सांगता येत नाही. गावातला कुणी तसं छातीठोक सांगत असेल तर ऐकून सोडून द्यावं.

चांगला ठसा सापडला तर त्यावर घमेलं पालथं घालावं, म्हणजे तो तुडवला जाणार नाही. शेजारी 10 रुपयांचं नाणं ठेवून बरोबर वरून फोटो काढावा. नाणं 27 मिलिमीटरचं असल्याने फोटोवरूनही माप काढता येतं. ताजा ठसा बिबट्याचा वाटला तर मागावर उसात शिरू नका. फोटो ग्रुपवर टाकण्याआधी वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.