विज्ञाता, योक्ता आणि शासिता : वैद्यकातील स्त्रीनेतृत्वाचा विचार

चिकित्सेचे चार पाद सर्व वैद्यांना परिचित आहेत. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. या चौघांत भिषक् प्रधान का, याचे कारण सांगताना चरकाचार्यांनी त्यास तीन विशेषणे योजिली आहेत. तो विज्ञाता आहे, शासिता आहे आणि योक्ता आहे. म्हणजे तो जाणतो, आज्ञा देतो व योजना करतो. भिषजाचे गुण म्हणून शास्त्राचे निर्मळ ज्ञान, पुष्कळ कर्मदर्शन, दक्षता आणि शुचिता हे चार सांगितले. या चारांपैकी एकही गुण पुरुषाकडेच असावा असे शास्त्र म्हणत नाही.

आज आपल्या महाविद्यालयांच्या वर्गांत डोकावले असता विद्यार्थिनींची उपस्थिती सहज नजरेत भरते. त्या उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतात, पदव्युत्तर शिक्षण घेतात, चिकित्सालये चालवितात. म्हणजे स्त्री विज्ञाता झाली, योक्ताही झाली. प्रश्न उरतो तो शासितेचा. संस्थेच्या नियामक मंडळात, संघटनेच्या अध्यक्षपदावर, औषधनिर्माणीच्या मालकीत ती किती ठिकाणी आहे? प्रत्येकाने आपापल्या तालुक्यातील शाखेची कार्यकारिणी डोळ्यांसमोर आणावी आणि स्वतःच उत्तर द्यावे.

कोल्हापूरचा वारसा

हा प्रश्न कोल्हापूरकरांनी विचारावा हे अधिक उचित आहे, कारण या नगरीचा या विषयाशी जुना ऋणानुबंध आहे. गोपाळराव जोशी टपाल खात्यात नोकरीस असताना त्यांचे वास्तव्य येथे होते. आपल्या पत्नीच्या शिक्षणाविषयी त्यांनी पाद्री वाइल्डर यांना लिहिलेले पत्र अमेरिकेतील नियतकालिकात छापले गेले. ते न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले आणि त्यातून आनंदीबाईंच्या परदेशगमनाची वाट खुली झाली. १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या.

आपल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे आनंदीबाईंच्या पदवी-प्रबंधाचा विषय. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय त्यांनी निवडला आणि पाश्चात्त्य ग्रंथांसोबत संस्कृत ग्रंथांतील विचारही त्यात मांडला. एकविसाव्या वर्षी, परक्या देशात, परक्या भाषेत आपल्या शास्त्राची बाजू मांडणारी ही स्त्री होती.

पदवी मिळताच कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाचे प्रमुखपद देऊ केले. हेच आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय होय. संस्थानाने त्यांना हाताखालची जागा नव्हे, तर विभाग सोपविला होता. परंतु राजयक्ष्म्याने ग्रासलेल्या आनंदीबाईंना त्या पदावर रुजू होता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे देहावसान झाले.

पुढे त्याच रुग्णालयात कोल्हापूरच्याच एका कन्येने सेवा केली. त्या डॉ. कृष्णाबाई केळवकर. त्यांच्या मातोश्री रखमाबाई केळवकर यांना शाहू महाराजांनी, १८९५ मध्ये मिस लिटल निवृत्त झाल्यावर, संस्थानातील स्त्रीशिक्षणाच्या प्रमुखपदी नेमले होते. कृष्णाबाईंनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षण घेतले. महाराजांनी त्यांना दरबारातून शिष्यवृत्ती दिली, रुग्णालयात नेमणूक दिली आणि उच्च शिक्षणासाठी इंग्लंडलाही पाठविले.

या दोन चरित्रांतून एक बोध स्पष्ट होतो. केवळ बुद्धिमत्तेवर नेतृत्व उभे राहत नाही. कृष्णाबाईंना घरात आईचा आदर्श होता, शिक्षणास द्रव्यसाहाय्य होते आणि शिक्षण संपताच अधिकाराचे पद वाट पाहत होते. आज पहिल्या दोन गोष्टी पुष्कळ मुलींना मिळतात. तिसरी मात्र अद्याप दुर्मीळ आहे.

सूतिकागारापासून सभागृहापर्यंत

आपल्या संहितांनी स्त्रीच्या कौशल्यावर विश्वास टाकला होता, हे विसरता कामा नये. सुश्रुताचार्यांनी प्रसवकाळी परिचर्येसाठी चार स्त्रिया सांगितल्या. त्या वयाने परिपक्व, प्रसूतिकर्मात कुशल आणि नखे कापलेल्या असाव्यात असा दंडक घातला. दहाव्या शतकात बगदाद येथे इब्न अल-नदीम याने रचलेल्या ग्रंथसूचीत रूसा नामक भारतीय स्त्रीच्या स्त्रीरोगविषयक ग्रंथाची नोंद आहे. तथापि या परंपरेत स्त्रीचे कर्म राहिले आणि नाव पुसले गेले. सूतिकागारातील त्या चार कुशल स्त्रियांपैकी एकीचेही नाव आपणास ठाऊक नाही.

हीच रीत वेगळ्या रूपात आजही चालू आहे. पतिपत्नी दोघेही वैद्य असतात. सकाळी दोघे मिळून रुग्ण पाहतात. फलकावर पतीचे नाव मोठ्या अक्षरात आणि पत्नीचे खाली, ‘स्त्रीरोग’ या शब्दासह. जागेचा उतारा, बँकेचे खाते, संघटनेचे सभासदत्व पतीच्या नावे. पत्नीच्या व्यवसायाची स्वतंत्र नोंद कोठेच होत नाही. मग वीस वर्षांच्या अनुभवानंतरही ‘या काय करतात?’ असा प्रश्न विचारला जातो.

औषधनिर्माते बंधूंना येथे एक विनंती करावीशी वाटते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार आयुर्वेदीय औषधांची निर्मिती पात्र तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावी लागते. २००० साली शेड्यूल टी लागू झाल्यापासून नोंदवह्या, कच्च्या मालाची परीक्षा, स्वच्छता यांचे महत्त्व अधिकच वाढले. अनेक निर्माण्यांत ही जबाबदारी एखादी स्त्री-वैद्य पार पाडते. परंतु अश्वगंधा कोणाकडून घ्यावी, सदोष माल परत करावा की नाही, हा निर्णय तिच्याकडे असतो का? सही तिची आणि निर्णय दुसऱ्याचा, ही व्यवस्था तिला अन्यायकारक आणि निर्मात्यास धोक्याची आहे. जिच्या सहीवर परवाना टिकून आहे, तिला माल नाकारण्याचा लेखी अधिकार देणे यात व्यवहाराचेही हितच आहे.

अडथळ्यांचे निदान

निदानाशिवाय चिकित्सा करू नये. स्त्रियाच पुढे येत नाहीत, हे आपल्याकडचे नेहमीचे उत्तर आहे. परंतु हे लक्षण झाले, हेतू नव्हे. हेतू शोधू जाता तीन गोष्टी आढळतात. पदव्युत्तर शिक्षण, विवाह व प्रसूती एकाच कालखंडात येतात आणि त्या खंडानंतर परतण्याची वाट नसते. सभा रात्री उशिरा भरतात आणि खरा निर्णय सभेनंतरच्या भोजनात होतो. आणि संघटनेत स्त्रीकडे स्वागत, दीपप्रज्वलन व सूत्रसंचालन येते. अर्थसमिती, परीक्षण वा निवडणूक येत नाही.

यांपैकी काही हेतूंवर कायद्याने उपाय केला आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा बारावरून सव्वीस आठवड्यांची झाली. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती आवश्यक ठरविली आणि तिच्या अध्यक्षस्थानी ज्येष्ठ स्त्री असावी असे सांगितले. आपली महाविद्यालये, मोठी रुग्णालये व निर्माण्या यांना हे लागू आहे. २०११ पासून महाराष्ट्रातील पंचायत संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. ज्या गावात वैद्य आपला व्यवसाय करतो, तेथील सरपंच स्त्री असू शकते. मग त्याच्या संघटनेची अध्यक्ष स्त्री असण्यास अडचण कोणती?

योग्यतेचा प्रश्न तर कधीच निकालात निघाला आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाचे कुलगुरुपद डॉ. मृदुला फडके यांनी भूषविले आणि २०२१ मध्ये लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर त्या पदी आल्या. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेच्या संचालकपदाची धुरा वैद्य तनुजा नेसरी यांनी वाहिली.

चिकित्सासूत्र

उपाय मोठे खर्चाचे नाहीत. प्रत्येक शाखेने कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश स्त्रिया घ्याव्यात आणि त्यांपैकी एकीकडे अध्यक्ष, सचिव वा कोषाध्यक्ष यांपैकी एक पद असावे. सभा दिवसा, ठरलेल्या वेळी सुरू होऊन ठरलेल्या वेळी संपाव्यात. निर्णय इतिवृत्तात यावेत, भोजनात नव्हे. व्यवसायात खंड पडलेल्या वैद्य भगिनींसाठी वर्षातून एकदा उजळणी वर्ग घ्यावा. ज्येष्ठ वैद्यांनी नाडीपरीक्षेइतकेच अंदाजपत्रकाचे वाचनही शिष्येला शिकवावे. दांपत्याने चालविलेल्या चिकित्सालयात दोघांचे सभासदत्व स्वतंत्र असावे.

वैद्य भगिनींनीही एक पथ्य पाळावे. पद चालून आल्यास ‘मला वेळ कुठे आहे?’ असे सहजासहजी म्हणू नये. काम तर आपण करीतच असतो. त्याचा अधिकारही स्वीकारावा.

१८८६ साली या नगरीने एका तरुण स्त्रीला विभागाचे प्रमुखपद देऊ केले, तेव्हा तसे पायंडे विरळाच होते. आज आपल्याजवळ पायंडा आहे, कायदा आहे आणि सुविद्य स्त्रियांची वानवाही नाही. आगामी वार्षिक सभेत नव्या कार्यकारिणीची नावे सुचविताना सूज्ञ सभासदांनी एवढे ध्यानी ठेवावे, हीच प्रार्थना.