आधी पाणी, मग मासे

अल्लीपूरहून आम्ही बोलतोय. गटाच्या बचतीतून आम्ही चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच काचेची टाकी घेतली. मनात होतं, मालवणच्या समुद्रासारखे प्रवाळ ठेवू. पण प्रवाळाला लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ आणि बारमाही एकसारखं तापमान लागतं. आपल्या उन्हाळ्यात ते परवडत नाही. शिवाय समुद्रातून प्रवाळ काढणं गुन्हा आहे. म्हणून गप्पी आणि मोली आणले.

पहिल्याच दिवशी चाळीस सोडले. आठवड्यात निम्मे मेले. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. त्याला पचवणारे जिवाणू गाळणीत वाढायला चार-सहा आठवडे लागतात. विरजणाला वेळ दिल्याशिवाय दही लागतं का?

म्हणून नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवा, म्हणजे क्लोरीन उडेल. गाळणी अखंड चालवा. आधी दोन-चार मासे सोडा, खाणं चिमूटभरच घाला, मग संख्या वाढवा. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. भरलेल्या टाकीत साडेचारशे किलो पाणी असतं, स्टँड पक्का हवा.

घाई केली, तर बचत खरंच पाण्यात जाते!