लोखंडी चाकू की स्टीलचा चाकू? धार नेमकी कशामुळे टिकते?

आबाजींच्या बंडीच्या खिशात कायम एक घडीचा चाकू असायचा. पातं काळपट, मूठ झिजलेली. खताच्या पोत्याची शिवण उसवायची, सुतळी तोडायची, कैरी कापायची, सगळं त्याच चाकूनं. मी ऑनलाइन मागवलेला चकचकीत चाकू मात्र महिनाभरात बोथट झाला.

घाटंजीच्या बाजारात चाकू घ्यायला गेलात तर दुकानदारही हेच विचारेल, "लोखंडी देऊ की स्टीलचा?" गंमत म्हणजे ही दोन्ही पाती पोलादाचीच असतात. मग फरक कुठे पडतो?

सगळा खेळ कार्बनचा

लोखंडात थोडा कार्बन मिसळला की पोलाद तयार होतं. खिडकीच्या गजात कार्बन साधारण ०.२५ टक्क्यांपेक्षा कमी असतो. असं लोखंड कितीही घासा, धार लगेच मुडपते. पात्यासाठी कार्बन निदान अर्धा टक्का तरी लागतो. कानशीत तो १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो, म्हणून ती दुसरं लोखंड खाते.

आपल्याकडचे लोहार विळा, कुऱ्हाड, चाकू घडवताना ट्रकचा तुटलेला पाटा का वापरतात, याचं उत्तर इथेच आहे. पाटा म्हणजे चाकांवरची स्प्रिंगची जाड पट्टी. तिच्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. पोलाद चिवट असतं, दणके सोसतं आणि भंगारात स्वस्त मिळतं.

लोखंडाचं हे ज्ञान विदर्भात जुनं आहे. नागपूर जिल्ह्यातल्या नैकुंडच्या उत्खननात लोखंड गाळण्याची प्राचीन भट्टी सापडली. पैनगंगेपलीकडे, आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. तिथलं मुशीत बनवलेलं पोलाद घ्यायला एकेकाळी इराणचे व्यापारी यायचे. तलवारींसाठी ते नावाजलेलं होतं.

'पाणी' म्हणजे काय?

चांगलं पोलाद मिळालं म्हणून चांगला चाकू बनतोच असं नाही. लोहार पातं लालभडक तापवतो आणि झटकन पाण्यात किंवा तेलात बुडवतो. यालाच आपण पाणी देणं म्हणतो. तापलेल्या पोलादात कार्बन विरघळलेला असतो. एकदम थंड केल्यावर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो आत अडकतो आणि पातं कडक होतं.

पण इतकं कडक की पडलं तर काचेसारखं तुटेल. म्हणून ते पुन्हा हलकं तापवतात, साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर गवती पिवळी झाक आली की थांबायचं. थोडा कडकपणा जातो, चिवटपणा येतो. ही झाक लोहार नजरेनं ओळखतो. आबाजींच्या चाकूचं रहस्य बहुधा हेच होतं.

स्टेनलेस गंजत का नाही?

त्यात क्रोमियम असतं, किमान १०.५ टक्के. हवेतल्या ऑक्सिजनमुळे पात्यावर क्रोमियमचा न दिसणारा थर तयार होतो आणि तो गंज रोखतो. १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं असं पोलाद तयार केलं. पुढे एका स्विस कंपनीनं ते चाकूंसाठी स्वीकारलं आणि नावातही घेतलं. 'व्हिक्टोरिया' हे संस्थापकाच्या आईचं नाव, 'इनॉक्स' म्हणजे स्टेनलेस. दोन्ही मिळून व्हिक्टोरिनॉक्स.

मात्र सगळं स्टेनलेस सारखं नसतं. जेवणाच्या ताटाचं स्टील पाणी देऊन कडक होत नाही. चाकूसाठी कार्बन जास्त असलेलं वेगळं स्टेनलेस लागतं. स्वस्त चाकूत नेमकी इथेच काटकसर होते.

मग घ्यायचा कोणता?

शेतात रोज वापरायचा असेल आणि पुसून ठेवायची सवय असेल, तर साधं कार्बनचं पातं उत्तम. दगडावर चार हात मारले की धार परत येते. लिंबू, कैरी कापल्यावर ते काळं पडेल. तो डाग आहे, बिघाड नाही. लाल गंज दिसला तर मात्र घासून काढा आणि तेलाचं बोट फिरवा.

पावसात, घामात खिशात राहणार असेल तर स्टेनलेस बरं. घेताना चुंबक लावून बघा. चाकूच्या पात्याला ते चिकटायलाच हवं. पण चिकटलं म्हणजे पाणी नीट दिलंय, असं नाही. त्यासाठी दुकानदाराला विचारून धारेजवळ कानस हलकेच फिरवा. घसरली तर पातं कडक, रुतली तर मऊ.

आणि लोहाराकडून घेत असाल तर दोनच प्रश्न विचारा: लोखंड कशाचं आहे, आणि पाणी कशात दिलं? चकाकीपेक्षा या दोन उत्तरांवरून चाकूबद्दल जास्त कळतं.