नान्नजच्या माळावर नांगर नको

माळढोक वाचवायचा असेल तर त्याच्यासाठी अभयारण्यातली थोडी जमीन नांगरून ज्वारी, हरभरा, भुईमूग पेरावा, पीक काढू नये, पक्ष्यांनाच खाऊ द्यावे, ही कल्पना चटकन पटते. तिच्या पाठीशी जगातले एक मोठे यशही आहे. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे अमेरिकेतली रानटर्की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरली होती. शतक संपताना तिची संख्या पन्नास लाखांच्या पुढे गेली होती. तिथले शिकारी आणि जमीनमालक आजही टर्कीसाठी चाऱ्याची शेते राखतात. आधी मातीची तपासणी करतात, आम्लता मारायला चुना टाकतात, मग जमीन भुसभुशीत करून क्लोव्हर किंवा आपल्या लव्हाळ्याच्या जातकुळीतले चुफा पेरतात. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात असे का करू नये, या प्रश्नाला भावनेने नव्हे तर मातीच्या आणि पक्ष्याच्या स्वभावावरून उत्तर द्यायला हवे. ते उत्तर माझ्या मते स्पष्ट नकाराचे आहे.

मुळात टर्की वाचली ती चाऱ्याच्या शेतांमुळे नव्हे. शिकारीवर कडक बंधने आली, बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राखला गेला, आणि जाळ्यांनी पकडलेले रानटी पक्षी रिकाम्या झालेल्या जंगलांत नेऊन सोडले गेले. टर्की एका वेळी दहा-बारा अंडी घालते, त्यामुळे संधी मिळताच ती झपाट्याने वाढली. चाऱ्याच्या शेतांचा तिला उपयोग होतो हे खरे, पण ती जंगलकाठची रहिवासी आहे. दाट झाडीत मोकळी, हिरवी जागा तयार झाली की तिथे किडे वाढतात, आणि पहिल्या काही आठवड्यांत पिल्लांची भूक भागते ती मुख्यतः किड्यांवर. माळढोकाचे सगळेच वेगळे. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. म्हणून एकेका मोठ्या पक्ष्याचा मृत्यू फार महाग पडतो. नगर जिल्ह्यात १८०९ ते १८२९ या काळात मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रज शिकाऱ्याने ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. इतक्या सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याला असा घाव भरून काढता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला पूर्ण बंदी केली, तरी त्यानंतरही माळ आक्रसत गेला, विजेच्या तारा वाढल्या, आणि ज्याला समोरचे नीट दिसत नाही असा हा जड पक्षी तारांवर आदळून मरत राहिला.

आता माती पाहू. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलांची माती बऱ्याच ठिकाणी आम्लधर्मी असते, म्हणून तिथे चुना लागतो. सोलापूरची जमीन बेसाल्टच्या खडकापासून झालेली, चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी आहे. माळावर तर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. पर्जन्यछायेतल्या या भागात पाऊस बेभरवशाचा, आणि पडला की जोराचा. पवन्या, मारवेल यांसारख्या बहुवर्षायू गवतांची मुळे ही पातळ माती धरून ठेवतात. नांगर फिरला की ती मुळे तुटतात, पहिल्या वळवाबरोबर माती ओघळते, आणि मोकळ्या जागेत आधी शिरते ते गाजरगवत. चांगले गवत पुन्हा बसायला कित्येक पावसाळे जातात.

पण सर्वांत वजनदार पुरावा किड्यांचा आहे. माळढोक दाणे, शेंगा, बोरे, सरडे असे बरेच काही खातो, मात्र पावसाळ्यातल्या विणीच्या काळात त्याची खरी भिस्त नाकतोडे आणि भुंगेऱ्यांवर असते. नाकतोड्याची मादी जमिनीत बोट-दोन बोटे खोल अंड्यांचे पुंजके घालते. ते उन्हाळाभर तसेच पडून राहतात आणि पावसाची ओल मिळाली की फुटतात. म्हणजे माळढोकाचे पिल्लू चोच मारायला लागते नेमक्या त्याच सुमारास माळ किड्यांनी भरलेला असतो. आपले कृषी विभाग शेतकऱ्यांना उन्हाळ्यात खोल नांगरट करायला सांगतात, ती कशासाठी? जमिनीतले किडींचे कोष आणि अंडी वर येऊन उन्हाने मरावीत, पाखरांनी टिपावीत, म्हणून. शेतासाठी हा सल्ला अगदी योग्य आहे. पण माळावर तेच केले तर माळढोकाचे अन्न आपण स्वतःच्या हाताने मारू. मूठभर ज्वारीसाठी एवढी किंमत मोजणे शहाणपणाचे नाही.

यावर आक्षेप येईल की माळढोक शेतात जातोच, भुईमूग-हरभरा खातोच. हे अगदी खरे आहे, आणि माझे म्हणणे त्यावरच उभे आहे. सोलापूर हा रब्बी ज्वारीचा मुलूख. मोहोळच्या संशोधन केंद्राची मालदांडी ज्वारी इथल्या घरोघरी पोहोचली. रब्बीची पेरणी पावसाळा सरताना होते, त्यामुळे जून ते सप्टेंबर बरीच रानं मोकळी पडलेली असायची. माळ, पडीक रान आणि पाखराला पुरून उरणारे कोरडवाहू पीक एकमेकांना लागून होते, आणि पक्षी ऋतूप्रमाणे त्यांत फिरत असे. सोलापूरच्या शेतकऱ्याने कुठलीही योजना नसताना पिढ्यान्पिढ्या माळढोकासाठी हे चाऱ्याचे शेत राखले होते. पुढे उजनी धरणाच्या पाण्यावर ऊस आला, नान्नज तर सोनाका द्राक्षासाठी नावाजले, मांडव आणि फवारणी वाढली, आणि ती साखळी तुटली. शेतकऱ्याला यात दोषी ठरवणे मला मान्य नाही, पाणी मिळाल्यावर कोण कोरडवाहू राहील? म्हणून खर्च करायचा तर अभयारण्याच्या कुंपणात पेरणी करण्यावर नको. शेजारच्या गावांत जो ज्वारी, करडई, तूर कोरडवाहू ठेवील आणि फवारणी टाळील, त्याला उत्पन्नातल्या तुटीची रोख भरपाई मिळावी. १९७९ मध्ये झालेल्या या अभयारण्याची हद्द सुरुवातीला सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होती. त्यात गावेच्या गावे आली आणि जमिनीच्या व्यवहारांच्या अडचणींमुळे लोकांच्या मनात पक्ष्याविषयी अढी बसली. पुढे हद्द घटवून सव्वाबाराशेच्या आसपास आणावी लागली. तो अनुभव पाहता शेतकऱ्याला भागीदार करण्यावाचून पर्याय नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे: मग माळाला हातच लावू नये का? तसेही नाही. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात चराई बंद करून राखलेल्या तुकड्यांत गवत वाढले, याचा माळढोकाला फायदा झाला. मात्र पुढे माळावर ग्लिरिसिडियासारखी झाडे लावली गेली, आणि दूरवर नजर फिरवून धोका ओळखणाऱ्या पक्ष्याला ती झाडी नकोशी असते. फार उंच, दाट गवतही नराला मिरवायला अडचणीचे ठरते. त्यामुळे वीण आटोपल्यावर पट्ट्यापट्ट्यांनी गवत कापणे, काही भागांत मोजकी चराई ठेवणे आणि लावलेली झाडे काढणे आवश्यक आहे. कापलेले गवत गावालाच द्यावे. झाडे उपटून जमीन उघडी पडली असेल तिथे मात्र मशागत जरूर करावी, पण हलका कुळव फिरवून, स्थानिक पवन्या-मारवेलीचे बी टाकून. मशागतीला माझा विरोध नाही, तिची जागा चुकू नये एवढेच.

तिसरा आक्षेप सर्वांत कटू आहे. देशात माळढोक दीडशेच्या घरात उरले आहेत, बहुतेक राजस्थानात, आणि सोलापुरात एखादा दिसला तर बातमी होते. मग हा खटाटोप कोणासाठी? एक तर माळ फक्त माळढोकाचा नाही. काळवीट, लांडगा, धाविक, चंडोल, हिवाळ्यात येणारे भोवत्या पक्षी याच गवतावर जगतात, आणि दुष्काळात गावची जनावरेही. दुसरे असे की जैसलमेर जिल्ह्यात माळढोकाची पिल्ले कृत्रिमरीत्या वाढवण्याचे काम २०१९ पासून चालू आहे, आणि २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातूनही पिल्लू जन्मले. पुढे ते पक्षी सोडायची वेळ आली तर ज्या माळांवर खुंट, तारा आणि मोकाट कुत्री आहेत तिथे ते कोणी सोडणार नाही. मादी दोन-तीन वर्षांत वयात येते, पण नांगरलेला माळ सावरायला त्याहून जास्त काळ लागतो. नान्नजची तयारी त्या पक्ष्यांची वाट न पाहता येत्या पावसाळ्यापासूनच सुरू करावी लागेल.